माझ्या नावाची आंघोळ

जानेफळ, ३ मार्च १९२९

चि. निवृत्ती,

माय अंगण सारवत होती. कोपरापर्यंत शेणाचे हात. तू जात्याजवळ मांडी घालून पाटीवर ‘ग’ गिरवत होतास आणि मोठ्यानं म्हणत होतास, कारण मास्तरांनी सांगितलं होतं की तोंडानं म्हटल्याशिवाय अक्षर डोक्यात बसत नाही. मी दळत होते. जात्याभोवती पीठ साचलं की मी हात थांबवून बोटानं त्यात तुझ्या पाटीवरचं अक्षर काढायची आणि पुन्हा दळायला लागायची. मायनं ते पाहिलं. मला वाटलं आता बोलणी बसणार.

“पिठात रेघोट्या काऊन ओढून राह्यली वं?”

“अक्षर हाय ते, माय.”

“कोनतं?”

“ग.”

“गायीचा?”

“गायीचा.”

ती तशीच शेणाचे हात वर धरून पाहत उभी राहिली. मग म्हणाली, “गाय तर कुठं दिसत नाही त्याच्यात,” आणि हसली. तुझी टोपी वाकडी झाली होती, ती तिनं मनगटानं सरळ केली, शेण लागू नये म्हणून. नंतर मला म्हणाली, “अक्षरं काढ, पन पीठ जाडं नको पाडू.”

मी वाचायला शिकले ते असं. कोणी मला शिकवलं नाही. तू म्हणत होतास आणि मी दळत होते. म्हणजे शिकवलंस ते तूच, फक्त तुला ते माहीत नव्हतं.

आज हे लिहायचं कारण सांगते. तुळशीराम कासार परवा जानेफळला आला होता. माझ्यासारख्या विधवेच्या दारात कासाराचं काय काम, असं शेजारची गीताबाई त्याला तोंडावर म्हणाली. तो म्हणाला, “माहेरचा निरोप आनतो मी, बांगड्या तुम्ही भरा.” त्यानं सांगितलं की मायनं अंथरूण धरलं आहे. डोळ्यांनी आधीच दिसत नव्हतं, आता उठवतही नाही. पेज दिली तर दोन घोट घेते.

आणि दुसरी गोष्ट त्यानं खाली बघत सांगितली. मी बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं तेव्हा तू घरातल्या सगळ्यांना माझ्या नावानं आंघोळ करायला लावलीस, हे मला माहीत होतं. जातीतून गेलेल्याची अशी आंघोळ करतात, मेल्याची करतात तशीच. ते मी सोसलं. पण मायला तू सांगितलंस की रुखमी जानेफळला तापानं गेली. तिला मी बाटल्याचं कळू नये म्हणून सांगितलं असशील. म्हणजे माय मला खरोखर मेलेली समजून पडली आहे.

मी तुझ्याशी भांडायला लिहीत नाही. तुझी अडचण मला कळते. शालूची सोयरीक ठरत आली आहे, पाडव्यानंतर पक्की करायची आहे, हेही तुळशीरामनं सांगितलं. बाटलेली आत्या दारात आली हे मुलाकडच्यांना कळलं तर ते पाय मागे घेतील. मी आले तर पोरीचं नुकसान. नाही आले तर माय मला मेलेली समजूनच जाईल.

म्हणून विचारते. मी येऊ का? एका ओळीचं उत्तर दे. तुझं उत्तर येईपर्यंत मी रोज सकाळी मायसाठी प्रार्थना करते आहे. मी आता देवाची झाले, त्याच्या हाती तिला सोपवलं आहे. तो सांभाळील.

तुझी बहीण,
रुखमा


जानेफळ, १९ मार्च १९२९

चि. निवृत्ती,

तुझं उत्तर मिळालं. तुळशीराम सांगायला तयार नव्हता. मी म्हटलं, जसं सांगितलं तसं सांग. तेव्हा बोलला, “निवृत्ती म्हने, मेलेलं मानूस पत्र लिहीत नसते.”

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्या दिवशी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दौत काढली. मेलेलं माणूस लिहितं आहे असंच समज आणि वाच. वाचायचं नसेल तर चुलीत घाल, पण चूल तुझ्या बायकोच्या, अन्नपूर्णेच्या हाती आहे आणि तिला वाचता येत नाही, म्हणून ती कागद जाळण्याआधी तुला विचारील, एवढं मला माहीत आहे.

माझे यजमान गेले त्यानंतर मी कशी जगले हे तू कधी विचारलं नाहीस. मी सांगितलंही नाही. आता सांगते.

त्या तापाच्या साथीत जानेफळात घराघरात माणसं पडली होती. यांना ताप भरला तेव्हा यांच्या भावकीतलं कोणी उंबऱ्याच्या आत आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही घरात माणसं पडलेली होती. मेहकरच्या मिशनची अंबूबाई नावाची एक म्हातारी गावात फिरत होती. ती आली, तिनं यांचं अंग पुसलं, धोतर धुतलं, आणि हे गेले तेव्हा माझ्याशेजारी बसून राहिली. मी तिला नंतर विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, “लय वाटली. पन सकाळी वाचलं होतं ना.”

काय वाचलं होतं ते तिनं दाखवलं. आजाऱ्याकडे जाणारा माझ्याकडेच आला, अशा अर्थाचं प्रभूचं बोलणं होतं. मी तिच्या पुस्तकातली ओळ वाचली तेव्हा तिला फार नवल वाटलं. “तुले कोनी शिकवलं वं?” मी म्हटलं, भावानं.

तिनं मला शुभवर्तमानाचं पुस्तक दिलं आणि वाचायची रीत सांगितली. ती रीत अशी. पहाटे दळणाआधी वाचायचं, थोडंच वाचायचं. त्यात करायला काही सांगितलं असेल तर ते त्याच दिवशी करायचं. केलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुढचं वाचायचं नाही, तेच पुन्हा वाचायचं. खुणेला मी यांच्या जुन्या पागोट्याचा एक लाल धागा ठेवला. काम झालं की धागा पुढे सरकतो.

मला आधी हे सोपं वाटलं. तसं ते नाही. कोणी मागितलं तर दे, असं वाचलं त्या दिवशी गीताबाईनं माझी नवी चाळणी मागितली. ती आजपर्यंत परत आलेली नाही. ज्यानं तुझं वाईट केलं त्याला क्षमा कर, हे वाचलं त्या दिवशी तिचीच शेळी माझ्या मेथीच्या वाफ्यात शिरली. आधीची मी असते तर शेळीला आणि गीताबाईला एकाच काठीनं हाकललं असतं. मी शेळी धरून तिच्या दारात बांधून आले. ती बाहेर येऊन म्हणाली, “काऊन वं रुखमे, आज शिव्या संपल्या काय?”

बाप्तिस्म्यानंतर विहिरीवर बाया माझ्यापासून घागरी उचलून घ्यायच्या. मी दुपारी कोणी नसताना पाण्याला जायला लागले. तेव्हा वाचनात वादळाची गोष्ट आली. नावेतले लोक भ्याले आणि प्रभूनं त्यांना विचारलं, तुम्ही भिता का? अंबूबाई म्हणाली, “दुपारचं ऊन बरं, बायांची तोंडं नको, असंच ना तुहं? उद्या सकाळी सगळ्याईच्या वक्तावर जा.” मी गेले. बाजूला उभी राहिले. सगळ्यांचं झाल्यावर भरलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उन्हाळा आला, पाणी खाली गेलं, तेव्हा एके सकाळी गीताबाईनं स्वतःची दोरी माझ्याकडे फेकली. “घे. तुही तोकडी पडते.” एवढंच. पण त्या दिवसापासून मी विहिरीला घाबरले नाही.

मला धीर आला तो असा आला. एकदम नाही. दळणासारखा, आजचं आज. कालच्या पिठावर आजची भाकरी होत नाही.

मायची प्रार्थना मी रोज करते. तिला पेज जाते का, एवढं तरी कळव.

माझा धागा मात्र गेले काही दिवस एकाच जागी आहे. पुढे सरकत नाही. ते का, ते आज लिहीत नाही.

रुखमा


जानेफळ, २९ मार्च १९२९

चि. निवृत्ती,

आज आमचा उत्तम शुक्रवार आहे, प्रभूच्या मरणाचा दिवस. मी उपास धरला आहे. तुमची होळी झाली असेल. माय होळीला पुरणाची पहिली पोळी गायीला द्यायची आणि दुसरी तुला. तिसरी मला मिळायची, पण त्या तिसऱ्या पोळीत ती गुळाचा खडा वेगळा दडवायची. हे तुला माहीत नाही. तिनं मला सांगू दिलं नव्हतं.

धागा का अडला ते आता सांगते. काल अंबूबाई आली होती. मला वाचायला बसवलं आणि पाहिलं की मी अजून त्याच पानावर आहे.

“काऊन अडली वं?”

“समजत नाही मले हे.”

“समजत नाही का करवत नाही?”

मी पुस्तक मिटलं.

त्या पानावर असं आहे. काही मोठे धर्म पाळणारे लोक प्रभूकडे आले. त्यांच्यात एक रीत होती. आईबापांना जे द्यायचं ते एखाद्यानं देवाला वाहिलं असं म्हटलं, की मग त्याला आईबापांसाठी काही करावं लागत नसे. देवाला वाहिलं, संपलं. प्रभू त्यांच्यावर रागावला. म्हणाला, देवानं आईबापांचा मान राखायला सांगितलं, आणि तुम्ही देवाचंच नाव पुढे करून तो हुकूम मोडता.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे त्या लोकांचं आहे. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि माझा हात थांबला. निवृत्ती, तुला मी पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं? मी आता देवाची झाले, मायला त्याच्या हाती सोपवलं. फार चांगलं वाक्य वाटलं होतं मला ते. लिहून दोनदा वाचलं होतं. पण खरं हे आहे की मी भ्यायले आहे. मला त्या गल्लीतून चालायची भीती वाटते. आपल्या भावकीच्या ओट्यांवरून लोक पाहतील, बाया पदर तोंडाला लावतील, लेकरांना आत ओढतील. अन्नपूर्णा दारातून हाकलून देईल. आणि तू समोर आलास आणि मला ओळखलंच नाहीस तर? ही भीती मी प्रार्थनेखाली झाकली होती. घरात बसून प्रार्थना करायला पैसे पडत नाहीत आणि गल्लीतून चालावंही लागत नाही.

मी अंबूबाईला म्हटलं, पण पोरीची सोयरीक? मी गेले तर शालूचं काय? ते पाप नाही का?

ती सुपारी कातरत बसली. मग म्हणाली, “ते मले सांगता नाही येत, बाई. मी काही तुह्या भावाच्या गावची पाटील नाही.”

“मग मी काय करू?”

“वाचलं ना तू?”

“वाचलं.”

“मंग मले काऊन विचारतं?”

ती उठून गेली तेव्हा मला तिचा रागच आला. रविवारी मेहकरला मोठी उपासना आहे, प्रभू उठला त्याची. तिथं मी स्तोत्र वाचायचं ठरलं होतं. मिशनच्या बाया जमणार, सगळ्यांदेखत पहिल्यांदा वाचायचं म्हणून मी पंधरवडाभर तयारी केली होती. जाताना ती दारातून म्हणाली, “रविवारी तुही वाट पाहत नाही मी.”

म्हणजे तिनं सांगितलंच की.

मी येते आहे. तुझी परवानगी मागत नाही, कारण तू नाही म्हणशील आणि मग मला तुझंही ऐकायला पाहिजे असं वाटेल. पण शालूसाठी माझ्याकडून होईल तेवढं करीन. मी सैपाकघरात जाणार नाही. तुमच्या भांड्याला, रांजणाला हात लावणार नाही. मायच्या खाटेशी बसेन आणि निघेन. कोणी विचारलं तू कोण, तर मात्र खोटं सांगणार नाही.

आणि एक. मी तुला मायसमोर खोटं पाडायला येत नाही. तिनं विचारलं की निवृत्ती असं का म्हणाला, तर काय सांगू ते मला अजून सुचलेलं नाही. वाटेत सुचेल.

कापसाच्या गाडीनं मेहकर, तिथून मोटारीनं सिंदखेड, पुढे देऊळगावपर्यंत पायी.

रुखमा


जानेफळ, १४ एप्रिल १९२९

निवृत्ती,

चिरंजीव आज लिहीत नाही. आता आपण दोघंही सारखेच झालो, मागे कोणी राहिलं नाही.

त्या दिवशी तू घरी येण्याआधी काय झालं ते तुला माहीत नाही. अन्नपूर्णेनं सांगितलं असेल तर अर्धं सांगितलं असेल. तिला घाबरवून सोडलं होतं मी.

शनिवारी मोटार सिंदखेडला पोचली तेव्हा दिवस मावळत आला होता. धर्मशाळेत राहिले. सकाळी निघाले. तो रविवार होता. मेहकरला त्या वेळी बाया गात असतील, असं वाटेत मनात येत होतं. मला स्तोत्र वाचायचं होतं ते मी चालताना तोंडानं म्हटलं. ऐकायला रस्त्याच्या कडेची एक म्हैस होती.

देऊळगावची वेस लागली तेव्हा पाय थांबले. खरंच थांबले. मी बालाजीच्या देवळाच्या बाजूच्या बोळातून जाऊ शकले असते. तिथून आपल्या मागच्या दाराला येता येतं आणि कोणी पाहत नाही. मग विहिरीची आठवण झाली. दुपारची जायची सवय लागली की सकाळचं कधीच जमत नाही. मी मोठ्या गल्लीनं आले. ओट्यावर तुझा चुलतसासरा अर्जुनराव बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“कोन व्हय वं? रुखमी तर नाही?”

“हो, मामा. रुखमीच.”

त्याची चिलीम हातात राहिली. मी पुढे चालत आले.

अन्नपूर्णा अंगणात वांगी निवडत होती. तिनं मला पाहिलं आणि टोपली पालथी झाली.

“तुम्ही काऊन आल्या आक्का? आमी तुमच्या नावानं आंघोळ केली हाय!”

मग जे तोंडाला आलं ते बोलले. “केली ना? मंग विटाळ फिटला असंल. आता बसू दे मले.”

तिला हसू आलं की रडू आलं ते कळलं नाही. तिनं पदर तोंडात धरला. शालू घरातून आली. मोठी झाली रे पोर. हनुवटी थेट मायची. तिनं मला पाहिलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या घेऊन आली. अन्नपूर्णा दगडासारखी उभी. मी तांब्याला हात लावला नाही. खाली बसले, ओंजळ केली आणि म्हटलं, “वरून ओत, बाई.” शालूनं वरून धार धरली. मी ओंजळीनं प्यायले. इतक्या लांबून चालत आले होते, पण मला तहान लागली होती हे तेव्हाच कळलं.

तेवढ्यात आतून मायचा आवाज आला.

“कोन बोलून राह्यलं वं?”

अन्नपूर्णा पटकन म्हणाली, “कोनी नाही आत्याबाई. भाजीवाली हाय.”

“आपल्याच घरी भाजीवाली? वांगे आपले, आन विकाले लोकं येतेत?” माय खोकली. “पाठव तिले आत.”

मी अन्नपूर्णेकडे पाहिलं. तिनं वाट सोडली. हे तिचे उपकार मी विसरणार नाही, तूही विसरू नको.

माय केवढीशी झाली होती. खाटेत नुसती वाकळ दिसत होती. मी खाली बसले. तिनं हात पुढे केला. मी हात दिला. तिनं माझा तळवा चाचपला, जात्याच्या खुंट्यानं पडलेला घट्टा बोटानं दाबला, मग माझ्या अंगठ्याचं नख. लहानपणी विळ्यानं दुभंगलेलं ते नख तसंच आहे.

“जाडं दळतं का अजून?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “नाही माय. बारीक दळतो आता.”

बराच वेळ ती माझा हात धरून पडून राहिली. मग म्हणाली, “निवृत्ती म्हने तू मेली.”

हाच प्रश्न मला वाटेत सुटला नव्हता. मी खोटं बोलू शकत नव्हते आणि तुला खाली पाडू शकत नव्हते. म्हणाले, “माय, मी येशूची झाली. जातीतून गेली. त्याच्यासाठी ते मरनच व्हय. त्याले लय दुखलं असंल म्हनून तो तसा बोलला.”

तेव्हा तू आलास. मळ्यातून, खांद्यावर मोटेचा नाडा तसाच. दारात उभा राहिलास. मायला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. पुढचं मायचं बोलणं तू ऐकलंस. तरी लिहिते, कारण ते कुठंतरी लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

ती म्हणाली, “मले कळते सारं. डोळे गेले, कान नाही गेले. तू तापानं मेली असती तर तुह्या सासरचं मानूस आलं असतं, दहाव्याचा निरोप आला असता. कोनी नाही आलं. मंग कशाची मेली?” थांबली, दम घेतला. “सगळ्याइनं आंघोळ केली त्या दिवशी. अन्नपूर्णेनं माह्यापाशी पानी आनलं. मी म्हनलं, ठेव बाई खाली. नाही घेतलं अंगावर. लेक जिती असताना माय कशी न्हाईल तिच्या नावानं?”

अन्नपूर्णा दाराआड उभी होती. तुला वाटत होतं की घरातल्या सगळ्यांनी केली. तिनं ते पाणी तुळशीत ओतलं होतं, हे तिनंच नंतर मला सांगितलं.

तू मागे फिरलास. नाडा दारातच टाकून मळ्याकडे गेलास. मी तुझी पाठ पाहिली. मला हाक मारावीशी वाटली. मारली नाही. मायनं विचारलं, “कोन गेलं?” मी म्हटलं, “निवृत्ती, माय.” ती म्हणाली, “जाऊ दे. भूक लागली की येईल. लहानपनी बी असाच जाये.”

मी दिवस कलेपर्यंत बसले. तिला चार घोट पेज गेली. तिनं विचारलं तुझा देव काय सांगतो, मी म्हटलं, मायकडे जा म्हणून सांगतो. ती म्हणाली, “मंग बरा हाय.” मी प्रार्थना करू का विचारलं. म्हणाली, “कर, पन हळू कर. लोकं ऐकतील.” हळूच केली. निघताना तिनं अन्नपूर्णेला सांगून मला गुळाचा खडा दिला.

परत आल्यावर मी धागा पुढे सरकवला. त्याच्या पुढच्या पानावर काय आहे ते तुला लिहीत नाही. विटाळासंबंधी आहे, तू चिडशील. कधी विचारलंस तर सांगेन.

पाडवा झाला. त्यानंतर परवा तुळशीराम आला. अंगणात उभा राहिला, पेटी खाली ठेवली नाही. तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, “माय गेली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच.” मी खाली बसले. थोड्या वेळानं विचारलं, तुला कोणी सांगितलं जानेफळला जायला? म्हणाला, “निवृत्तीनं.”

“काय म्हनला तो? जसं म्हनला तसं सांग.”

“म्हनला, आक्काले कळव.”

मी त्याच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. आक्काले कळव. मेलेल्या माणसाला कोणी निधनाचा निरोप पाठवत नाही, निवृत्ती.

त्यानं आणखी एक सांगितलं. अर्जुनरावानं गावात बोभाटा केला होता, तो मुलाकडच्यांपर्यंत पोचला. मुलाचा बाप तुझ्या ओट्यावर येऊन विचारायला लागला, घरात कोण येऊन गेलं? चार माणसं बसली होती. तू म्हणालास, “माही बहीन आली होती, मायले भेटाले.” एवढंच म्हणालास आणि बैलाला चारा टाकायला उठलास. त्यांनी सोयरीक महिनाभर, आखाजीच्या सणापर्यंत पुढे ढकलली आहे, हो पण नाही आणि नाही पण नाही. मोडली तर ते माझ्यामुळे मोडली, हे मी कबूल करते आणि शालूच्या पाया पडायलाही तयार आहे. पण तुला त्या ओट्यावर कोणी धीर दिला, ते मला कळत नाही. तू तर माझ्यासारखं काही वाचत नाहीस. कदाचित मायनं जाताना तुला काही सांगितलं असेल. नसेल सांगायचं तर सांगू नको.

मायची बातमी आली त्या दिवशी मी रडले. सूप, चूल, जातं, सगळं तसंच पडून राहिलं. गीताबाई येऊन बसली, तिनं माझ्यासाठी भाकरी आणली. माझ्या चाळणीनं चाळलेल्या पिठाची. मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले. विहिरीवर सगळ्यांच्या वेळेला गेले, घागर भरली, आणि घरी येऊन मायच्या नावानं डोक्यावरून आंघोळ केली. मग ओल्या केसांनीच बसून पुढचं पान वाचलं, आणि दळायला घेतलं.

तुझी आक्का